पाचवं पुस्तक

"तुझ्या जागी मी असते ना अर्नदिस, तर ते पुस्तक चुलीत घातलं असतं," गुद्फिन्ना म्हणाली. "आणि तू? तू रेडिओवर जाऊन त्याचे गोडवे गाऊन आलीस. मानलं बाई तुला." गरम पाण्याच्या हौदात पाचसहा जण गळ्यापर्यंत बुडून बसले होते. वरून बारीक बर्फ पडत होता, आणि नाताळ होऊन गेल्यावरच्या त्या काळोख्या सकाळी तरणतलावाचे दिवे अजून चालूच होते. अर्नदिसला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी चेष्टा करते आहे. ती हसली. पण तिच्याबरोबर कोणीच हसलं नाही. जहाजावर इंजिनं सांभाळण्यात जन्म घालवलेला कारी, ज्याला बोलल्याशिवाय गरम पाणी बाधतं असं सगळे म्हणायचे, तोसुद्धा आपल्या पायाच्या बोटांकडे बघत बसला होता. "पुस्तक चांगलं आहे म्हणून सांगितलं," अर्नदिस म्हणाली. "तेच तर," गुद्फिन्ना म्हणाली. "स्वतःच्या बापाचं असलं काही छापून आल्यावर ते चांगलं आहे म्हणायला छाती लागते." मग तिने पाण्याखालून हात पुढे केला आणि अर्नदिसचा दंड दाबला. ऐंशी वर्षांच्या त्या बाईने आजवर कोणाला मायेने हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. आणि अर्नदिस घाईने हौदातून बाहेर आली, कारण तिने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

वाचलेलं नव्हतं, हे वाक्य तिने कपडे बदलताना मनातल्या मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. तसं ते फार भयंकर वाटेना. जगात न वाचलेली पुस्तकं कमी आहेत का? पण ती अर्नदिस ओलाव्सदोत्तिर होती. शाळेत भूगोल शिकवणारी, आणि दरवर्षी नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या रिकाम्या दिवसांत सकाळच्या कार्यक्रमात जाऊन वर्षभरात वाचलेली आपली आवडती पुस्तकं सांगणारी. कथा-कादंबऱ्या नाहीत. ती कादंबऱ्यांच्या वाटेला जात नसे. "खोटं वाचायला मला आयुष्य पुरत नाही," हे तिचं वाक्य साऱ्या रेक्याविक शहराला पाठ होतं. शिक्षकांच्या खोलीत तिची नक्कल करताना लोक आधी नाक वर करायचे आणि मग हे वाक्य म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ती हातात पेन्सिल घेऊन वाचायची. जिथे काही खरं सापडे तिथे समासात बारीक रेघ. वर्ष संपताना ती पुस्तकं खाली काढायची, आणि ज्यात रेघा जास्त ते आवडतं. इतका सरळ हिशोब. यंदा दलदलीच्या मातीत हजारो वर्षं टिकून राहिलेल्या माणसांवरचं एक पुस्तक होतं. त्यातल्या एका माणसाच्या पोटात शेवटच्या जेवणाची पेज सापडली होती, आणि ते वाचल्यावर आठवडाभर तिला स्वतःचं जेवण घशाखाली जाताना जाणवत राहिलं. पक्ष्यांच्या डोळ्यांवरचं एक होतं. मिठागरांचा इतिहास होता. एका बाईने नकाशे काढण्यासाठी साखळी ओढत सारा उत्तर किनारा पायी तुडवला, तिचं चरित्र होतं. या चारांवर ती निवेदिकेशी मनापासून बोलली. बोलताना नेहमीसारखं तिला वाटत होतं, की आपण स्वच्छ आहोत, आपल्या घराच्या काचा पुसलेल्या आहेत. आणि मग निवेदिकेने घड्याळाकडे बघत विचारलं, "आणि या नाताळातलं एखादं? ताजं?"

ताजं. नोव्हेंबरात घरोघर पुस्तकांची जाडजूड यादी येऊन पडते, तेव्हापासून सारा देश ताज्या पुस्तकांखेरीज काही बोलत नाही. भेट म्हणून पुस्तकच द्यायचं, चोवीस तारखेला जेवणं आटोपली की पुस्तक आणि चॉकलेटचा डबा घेऊन पलंगावर पडायचं, आणि ज्याच्याकडे एकच पुस्तक दोनदा आलं त्याने सणानंतर दुकानात बदलून आणायचं. त्या यादीत बसेल असं अर्नदिसकडे एकच पुस्तक होतं. नवऱ्याला, हाकोनला, त्याच्या बहिणीने दिलेलं. 'गवत सुकेपर्यंत', लेखिका सिग्नी एयोल्व्सदोत्तिर. पूर्वी शहरातली मुलं उन्हाळ्यात खेड्यातल्या शेतांवर राहायला पाठवायचे, त्या मुलांच्या आठवणी. हाकोनने ते नाताळच्या रात्रीच वाचून संपवलं होतं आणि मग ते तिच्या उशापाशी आणून ठेवलं होतं, काही न बोलता. तिने मागच्या बाजूचा मजकूर वाचला. लेखिकेचा फोटो पाहिला, साठीची, बारीक डोळ्यांची, कपाळावर आडवी आठी असलेली बाई. आणि पुस्तक पालथं घालून त्यावर पक्ष्यांच्या डोळ्यांचं पुस्तक ठेवलं. का? असं कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, डोळे दुखत होते. पण रेडिओवर त्या क्षणी जिभेवर तेच नाव आलं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही. "अतिशय प्रामाणिक पुस्तक," ती म्हणाली. "कुठेही रडगाणं नाही. आणि मला वाटतं, ज्यांना ते वाचणं सगळ्यात जड जाईल त्यांनी ते सगळ्यात आधी वाचावं." शेवटचं वाक्य तर तिला स्वतःलाच फार आवडलं होतं. घरी आली तर हाकोन दारातच उभा होता. त्याने तिचा कोट काढून घेतला, जे त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर कधी केलं नव्हतं, आणि म्हणाला, "आज मला तुझा अभिमान वाटला." तिला वाटलं, मिठागरांविषयी ती जे बोलली त्याबद्दल म्हणतो आहे.

ओले केस टोपीखाली कोंबून ती तलावाच्या दारातून बाहेर आली, आणि गाडीपर्यंत जाईतो कानावरच्या बटा कडक झाल्या. घरी जायला नको वाटलं. ती गाडी घेऊन गावातल्या पुस्तकाच्या दुकानात गेली, आपली स्वतःची प्रत घ्यावी आणि कुठेतरी बसून वाचून काढावी म्हणून. दुकानात पुस्तकं बदलून घेणाऱ्यांची रांग दारापर्यंत आली होती. गल्ल्यावरच्या मुलीने तिला ओळखलं. "तुमच्यामुळेच संपलं की ते!" ती कौतुकाने म्हणाली. "तुम्ही बोललात त्या दिवशी दुपारपर्यंत एक प्रत उरली नाही. कालपासून नुसती 'आहे का, आहे का'." रांगेतले दोघेतिघे वळून अर्नदिसकडे बघायला लागले. त्यांच्या नजरेत चेष्टा असती तर तिने सहन केली असती. नजरेत आदर होता. ती कशीबशी हसली आणि बाहेर पडली. खाई त्याला खवखवे. तिला वाटलं, हे सगळे आपल्याविषयी असं काही जाणतात जे आपल्यालाच ठाऊक नाही. आणि लगेच त्याच्या खालून दुसरा विचार वर आला, की ठाऊक नाही असं कुठे आहे? मागच्या पानावरच्या त्या फोटोतली आठी तिने ओळखली नव्हती का? बापाच्या शेतावर, सेल्बाक्कीच्या स्वयंपाकघरात, लांब बाकाच्या टोकाला, पाय जमिनीला न पोचणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलीच्या कपाळावर तीच आठी होती. तिला सगळे सिगा म्हणायचे. पूर्ण नाव कोणी विचारलं नव्हतं. उन्हाळी मुलांची पूर्ण नावं कोण विचारतो.

घरी हाकोन स्वयंपाकघरात कॉफीच्या भांड्याशी उभा होता. ती सरळ झोपायच्या खोलीत गेली, पक्ष्यांच्या डोळ्यांखालचं पुस्तक ओढून काढलं आणि मागे वळली तर तो दारात. "पुन्हा वाचतेस?" त्याने विचारलं. पुन्हा! तो एक शब्द तिला सपकन लागला. "हो," ती म्हणाली. आणखी एक खोटं. आता मोजण्यात अर्थ नव्हता. "मी बघितलं," तो हलक्या आवाजात म्हणाला, "या वेळी पेन्सिल चालवली नाहीस तू. एकही रेघ नाही. समजतं मला." तो बिचारा मनापासून बोलत होता. रेघा नाहीत म्हणजे बायकोला वाचताना पेन्सिल धरवली नसेल, असा त्याने अर्थ लावला होता. तीस वर्षं संसार करून माणसाने आपल्याला इतकं चांगलं समजावं आणि इतकं चुकीचं, याची तिला लाज वाटली, त्याची नव्हे, स्वतःची. "आणि हो," तो जाता जाता म्हणाला, "तिचा फोन आला होता. सिग्नीचा. तुला भेटायचंय म्हणाली. मी उद्या दुपारी कॉफीला बोलावलंय. बरोबर केलं ना?"

ती खिडकीपाशी बसली. बाहेर उजाडत होतं, म्हणजे काळ्याचं करडं होत होतं. सेल्बाक्कीचं प्रकरण मध्यावर होतं आणि त्यात नावं बदललेली नव्हती. ओलावूर, सेल्बाक्कीचा शेतकरी, तिचा बाप. सिग्नीने त्याला राक्षस केला नव्हता. केला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज, मेंढ्यांना हाक मारताना गाणं म्हटल्यासारखा चढणारा, अगदी तसाच होता. त्याचे हात होते, गवताचा वास होता. आणि मग सरळ सांगितलं होतं, की ती मुलगी रात्री अंथरूण ओलं करायची, आणि दुसऱ्या आठवड्यात ओलावूरने तिचं अंथरूण गवताच्या कोठारात हलवलं. मारलं नाही, ओरडला नाही. "गादी महाग असते," एवढंच म्हणाला. उन्हाळाभर ती तिथे झोपली, जोवर गवत सुकलं नाही आणि मुलांना न्यायला बस आली नाही तोवर. उत्तरेकडच्या त्या उन्हाळ्यात रात्र अशी नव्हतीच. फळ्यांच्या फटींतून उजेड येत राहायचा आणि तिला कळायचं नाही की झोपायचं कधी आणि उठायचं कधी. जेवायला ती सगळ्यांच्या नंतर, कारण तिच्या कपड्यांना वास यायचा. अर्नदिस वाचत होती आणि तिला ते सगळं आठवत होतं. तेच तर भयंकर होतं. ती लहान होती, नऊ वर्षांची. तिला तेव्हा त्यात काही वाईट दिसलं नव्हतं. वास यायचा हेच तिला आठवत होतं. तो वास आता, या पुसलेल्या काचांच्या घरात, नाकाशी आला. आई त्या वेळी काय म्हणाली होती? आईने तोंड फिरवून भांडी घासली होती. आणि आपण? आपण बाकावर सरकून बसलो होतो, पायांना पाय लागू नये म्हणून. तिला वाटलं, आता पुढच्या पानावर आपण येणार. ते सरकून बसणं येणार. तिने जवळजवळ हवंसं वाटून पान उलटलं.

पुढच्या पानावर ती होती. 'त्या घरात एक मुलगी होती, माझ्याहून थोडी मोठी,' सिग्नीने लिहिलं होतं. 'ती माझ्याशी बोलत नसे, बोलायची मुभा नसावी. पण रोज संध्याकाळी ती कोठाराच्या दारापाशी एका ताटलीत लोणी लावलेली भाकरी ठेवून जायची. हाक मारायची नाही, मागे वळून बघायची नाही. त्या भाकरीने मला त्या उन्हाळ्यातून बाहेर काढलं. मोठेपणी जेव्हा जेव्हा मला माणसांचा तिटकारा आला, तेव्हा मी त्या ताटलीची आठवण काढली.'

अर्नदिसने पुस्तक मिटलं. मग उघडलं आणि पुन्हा वाचलं. ताटली तिला स्पष्ट दिसत होती, पत्र्याची, कडेला निळा पट्टा, एका जागी टवका उडालेला. राईची चपटी भाकरी, आदल्या दिवसाची, कडक झालेली. त्यावर लोणी कुठलं, तव्यातली खरवडून काढलेली मेंढीची चरबी. रोज संध्याकाळी ती ताटली कोठाराच्या दारापाशी ठेवणं हे तिचं काम होतं. कारण लाप्पी तिथे झोपायचा. ती ताटली कुत्र्याची होती.

किती वेळ गेला कोण जाणे. हाकोन कॉफी ठेवून गेला, ती निवली. ती विचार करत होती, की बापाचं वाचून जे वाटलं ते दुःख होतं, सरकून बसण्याचं आठवून वाटलं तो पश्चात्ताप होता, पण हे जे आता मानेपासून कानापर्यंत चढत होतं त्याला लाजेखेरीज दुसरं नाव नव्हतं. न वाचलेल्या पुस्तकाची तिने स्तुती केली होती, आणि त्या पुस्तकाने न केलेल्या दयेबद्दल तिची स्तुती करून ठेवली होती. दोघींचं फिटलं, असं कोणी टवाळ म्हणाला असता. कारीच म्हणाला असता, हौदात बसून. पण फिटलं कुठे? एकीने घाईत, लोकांसमोर हुशार दिसावं म्हणून थाप मारली होती, आणि दुसरीने एका कुत्र्याच्या ताटलीवर जन्म काढला होता. आणि आता सारं शहर म्हणत होतं, बघा, अर्नदिसने बापाची लाज झाकली नाही, आणि लहानपणीसुद्धा ती कशी होती बघा. गुद्फिन्नाने दंड दाबला तो कोणाचा? त्या दुसऱ्या मुलीचा, जी सेल्बाक्कीला कधी राहिलीच नव्हती. तिला एकदम त्या दलदलीतल्या माणसाची आठवण आली, ज्याच्या पोटात लोकांनी शेवटची पेज शोधून काढली होती. मेल्यानंतर तरी त्याच्या पोटातलं खरं निघालं. आपल्या पोटातलं आपण जिवंतपणी काढायला हवं, उद्या, कॉफीच्या वेळी. दोन्ही गोष्टी सांगायच्या. रेडिओची आणि ताटलीची. असं ठरवल्यावर तिला जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचीही लाज वाटली, कारण खरं बोलून सुटणार होती ती, आणि भाकरी जाणार होती सिग्नीची.

दुसऱ्या दिवशी तिने सणाचा फराळ मांडायला घेतला आणि मध्येच थांबली. सवयीने तिने एका ताटलीत चपट्या भाकऱ्यांचे चतकोर करून त्यावर धुरी दिलेल्या मांसाचे काप ठेवले होते. नाताळात दुसरं काय ठेवतात! ती ताटली तिने घाईने कपाटात लपवली आणि टेबलावर केक ठेवला. सिग्नी आली ती दारात बूट आपटून बर्फ झाडत, लहानखुरी, अंगाहून मोठ्या कोटात. आठी तीच. हाकोनने कॉफी ओतली, चार शब्द बोलला आणि मग, दोघींना एकटं सोडावं म्हणून, "नववर्षाचे फटाके आणायचे राहिलेत," म्हणत उठला. उठता उठता त्याला वाटलं, बायको फराळ विसरली. त्याने कपाट उघडलं, ताटली काढली, दोघींच्या मधोमध ठेवली आणि निघून गेला.

"तू रेडिओवर बोललीस ना, तेव्हा मी बटाटे सोलत होते," सिग्नी म्हणाली. "चाकू खाली ठेवला मी. माझ्या धाकट्या भावाने पुस्तक नाताळपासून उघडलं नव्हतं. म्हणे, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला. तू म्हणालीस ना, ज्यांना जड जाईल त्यांनी आधी वाचावं? त्याच दिवशी त्याने वाचायला घेतलं. रात्री फोन केला मला आणि रडत होता गाढव." ती हसली. "म्हणून म्हटलं, जाऊन तोंडावर आभार मानावेत. फोनवर काय मानायचे."

"सिग्नी, तेव्हा मी ते वाचलं नव्हतं," अर्नदिस म्हणाली.

बाहेर कोणीतरी वेळेआधीच एक फटाका उडवला. सिग्नीने कप खाली ठेवला.

"म्हणजे काय, सगळं वाचलं नव्हतंस?"

"काहीच नाही. मागचा मजकूर. आणि तुझा फोटो."

"एकही पान नाही?"

"नाही. मला वेळेवर नाव सुचेना म्हणून तुझं घेतलं. ते शेवटचं वाक्यसुद्धा... बरं वाटलं म्हणून बोलले."

सिग्नीच्या गालावर रंग चढला आणि उतरला. आता उठून जाईल, असं अर्नदिसला वाटलं, आणि तसं झालं तर बरं होईल असंही वाटलं. पण ती बसूनच राहिली. "पुस्तकवाली अर्नदिस," ती म्हणाली. "खोटं वाचायला आयुष्य पुरत नाही म्हणे. सांगायला पुरतं वाटतं." अर्नदिसने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. "मग वाचलंस कधी?"

"काल."

"सगळं?"

"सगळं."

मग एकदम वेगळ्याच आवाजात, जवळजवळ चोरट्या आवाजात तिने विचारलं, "चांगलं आहे?"

"चांगलं आहे," अर्नदिस म्हणाली. "आता खरंच सांगते. या वर्षी वाचलेल्यांत सगळ्यात चांगलं आहे." तिने कप बाजूला सारला. "आणि अजून एक आहे सिग्नी. त्यात माझ्याबद्दल तू जे लिहिलंयस, ती भाकरी..."

"ते नको," सिग्नी म्हणाली.

"नाही, ऐक तू. ती ताटली..."

"ते नको सांगूस म्हटलं ना!" तिने टेबलावर पंजा ठेवला, पसरून, काही झाकून धरावं तसा. मग आवाज खाली आणला. "मी ती खात असायचे तेव्हा लाप्पी समोर बसून बघत असायचा. रोज. एकदाही गुरगुरला नाही बिचारा."

अर्नदिसला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. म्हणजे सिग्नीला ठाऊक होतं. सात वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं, आणि लिहितानाही ठाऊक होतं. साऱ्या पुस्तकात नावं खरी, गाव खरं, गादी खरी, आणि एवढं एकच वाक्य तिने बसून, विचार करून, घडवलं होतं. चरबीच्या जागी लोणी लावलं होतं. मागे वळून न बघणाऱ्या मुलीला तिने न बघण्याचं चांगलं कारण दिलं होतं. पेन्सिल घेऊन वाचलं असतं तर अर्नदिसने नेमकी तिथेच रेघ मारली असती.

"का लिहिलंस तसं?" तिने विचारलं.

"उन्हाळाभर त्या घरात एक तरी माणूस हवं होतं मला," सिग्नी म्हणाली. "तूच त्यातल्या त्यात लहान होतीस."

ताटली मध्येच होती. सिग्नीने एक चतकोर उचलला, वरचा मांसाचा काप बाजूला काढून ठेवला, भाकरी उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा ताटलीत टाकून ती अर्नदिसकडे सरकवली. "कोरडी आहे," ती म्हणाली. "लोणी लाव की जरा."

अर्नदिस उठली, लोण्याचं भांडं आणलं. लोणी थंडीने घट्ट झालं होतं आणि सुरीखाली भाकरीचा तुकडा पडत होता. तिला वर बघवत नव्हतं. समोरची बाई घाई करत नव्हती, हात मांडीवर ठेवून थांबली होती. अर्नदिसने कडेपर्यंत लोणी लावलं आणि भाकरी तिच्या हातात दिली.